थंडीत भोंगा लांबवर ऐकू येतो, पण लवकर नाही

थंडी पडली की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. थंडीत हवा जड होते, जड माध्यमात आवाज वेगाने जातो, म्हणून नाशिकरोड स्टेशनातल्या रेल्वेगाडीचा भोंगा पहाटे शहरातल्या द्वारका चौकापर्यंत ऐकू येतो. शिवाय नाशिक उंचावर, हवा विरळ, त्यामुळे मुंबईपेक्षा इथे आवाज मंद. भोंगा ऐकू येतो, एवढे खरे. बाकीचे एकेक पाहू.

‘जड माध्यमात आवाज वेगाने जातो.’ शिसे पोलादापेक्षा जड. तरी पोलादाच्या सळईतून आवाज सेकंदाला सुमारे 5000 मीटर जातो आणि शिशाच्या सळईतून जेमतेम 1200. माध्यम दाबाला किती ताठ राहते आणि त्याची घनता किती, या दोन्हींच्या भागाकारावर वेग ठरतो. शाळेत आवाजाच्या वेगाचा ‘घन, द्रव, वायू’ हा उतरता क्रम पाठ करून घेतात, गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

‘थंड हवेत वेग वाढतो.’ नेमके उलटे. आवाजाचा धक्का हवेचे रेणूच पुढे नेतात आणि तापलेल्या हवेत ते अधिक जोरात धावतात. शून्य अंशाला वेग सेकंदाला 331.3 मीटर, पुढे दर अंशाला साधारण 0.6 मीटरची भर. म्हणजे 10 अंशांना 337, तर 40 अंशांना 355. भोंगा सहा किलोमीटरवर आहे असे धरा. 10 अंशांना तो 17.8 सेकंदांनी पोचेल, 35 अंशांना 17 सेकंदांनी. हा पाऊण सेकंद नुसत्या कानाला कळणारच नाही.

‘उंचावर विरळ हवा, म्हणून मंद.’ दाब घटला की हवेची घनता आणि ताठपणा सारख्याच प्रमाणात घटतात. भागाकार तोच राहतो. नाशिकची 600 मीटरच्या आसपासची उंची इथे गैरलागू. जानेवारीच्या रात्री नाशिकला 10 आणि मुंबईला 20 अंश असतील, तर नाशिकचा वेग खरेच सहा मीटरने कमी भरेल, पण ती करामत थंडीची. मे महिन्यातल्या दुपारी नाशिक पुढे. मुंबईच्या दमटपणाने वेग किंचित वाढतो, पण एक टक्काही नाही.

मग भोंगा लांबवर का येतो? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. वर वेग जास्त, म्हणून ध्वनितरंगाचा वरचा भाग पुढे सरकतो आणि अख्खा तरंग जमिनीकडे वाकतो. वर निसटून जाणारा आवाज असा खाली परततो. दुपारी तापलेल्या जमिनीवर तोच तरंग वर वळतो आणि दूरचा माणूस आवाजाच्या सावलीत सापडतो. पहाटे रहदारी नसते, पंखे बंद असतात, याचाही वाटा आहेच. हा थर डोळ्यांनीही दिसतो: निफाडकडे द्राक्षबागांत थंडीपासून बचावासाठी शेकोट्या पेटवतात, तेव्हा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला, तर वर उबदार हवेचे झाकण आहे असे समजा.

वेगाची शहानिशा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. 512 हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर वाजवून रेझोनन्स ट्यूबच्या, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी वरखाली करता येते अशा उभ्या नळीच्या, तोंडाशी धरा. पाणी खाली नेत आवाज घुमतो त्या, पाण्यावरच्या हवेच्या, पहिल्या दोन लांबी मोजा; त्यांतला फरक गुणिले 1024 म्हणजे वेग. 10 अंशांना फरक 32.9 सेंटीमीटर येतो, 40 अंशांना 34.7. एकाच लांबीवर हिशेब करू नका. घुमणारा हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाबाहेर व्यासाच्या 0.3 पट डोकावतो. दोन लांबींची वजाबाकी केली की ती चूक आपोआप गळते. दोन मिलिमीटरची चूक निकालात दोन मीटर हलवते, म्हणून पाणी उतरताना आणि चढताना, दोन्ही वेळा वाचन घ्या. सर्वांत जास्त फसवतो तो भिंतीवरचा थर्मामीटर. नळीतले पाणी गार असेल, तर आतली हवा खोलीपेक्षा गार असते, आणि वेग कमी आला की दोष सूत्राला दिला जातो. थर्मामीटर नळीतच सोडा.

पहाटेच्या काकड्याला बासरी पेटीपेक्षा उतरलेली वाटते, त्यामागेही हेच. बासरीत गार हवा घुमते. पेटीचा सूर मात्र पितळी पट्टीवर ठरतो.