इयरबड्स कपाटात, आवाज टिपेला

आत्याने इयरबड्स रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिले. वाढदिवसाला मीच दिलेले, नॉइज कॅन्सलेशनवाले. कारण, मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'हे यंत्र बाहेरचा आवाज मारायला कानात उलटा आवाज सोडतं. दोन आवाजांचा दुप्पट दाब पडद्यावर येतो नि दोन वर्षांत बहिरेपण येतं. शिवाय मेंदूत रेडिएशन. २५० शास्त्रज्ञांनी एअरपॉड्सविरुद्ध इशारा दिलाय. घ्यायचेच तर जास्तीत जास्त डेसिबल कमी करणारे घ्या.' म्हणजे बहिरं व्हायचंच असेल तर निदान महागातलं यंत्र घेऊन व्हा!

आधी तो 'दुप्पट दाब'. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. इयरबडचा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या नेमका उलटा आवाज काढतो. तिथे चढ तर इथे उतार. दोन्ही मिळून पडद्यापर्यंत कमी हलणारी हवा पोचते. बेरीज होत असती तर बटण दाबल्यावर पंख्याची घरघर वाढली असती, ती तर विरते. हे कानांनी कळतं, त्याला शास्त्रज्ञ लागत नाही. बरं, असे हेडसेट वैमानिकांसाठी १९८९ पासून विकले जातात. दोन वर्षांत बहिरेपण येत असतं तर वैद्यकीय तपासणीत किती वैमानिक टिकले असते?

एक मात्र मान्य. एएनसी, म्हणजे हेच नॉइज कॅन्सलेशन, चालू केलं की काहींना कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. एएनसी हवेचा दाब वाढवत नाही, पण तसं वाटणं खोटं नाही. ज्याला त्रास होतो त्याने पातळी कमीजास्त करता येणारे इयरबड्स घ्यावेत आणि आधी कानात घालून बघावेत.

माझा खरा संताप पुढे आहे. इयरबड्स कपाटात गेल्यावर आत्याने जुना वायरवाला इयरफोन काढला. परवा बसमध्ये तिच्या शेजारी बसलो होतो. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आवाजाची पट्टी शेवटाच्या एक घर अलीकडे, आणि तिच्या कानातलं गाणं मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. बहिरेपणाचा रस्ता हा आहे! जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब साधा आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील, ९० डेसिबलला फक्त ४ तास. कान वाचवायला नीट बसणारे आणि जमल्यास नॉइज कॅन्सलिंग इयरफोन वापरा, असंही तीच संघटना सांगते. गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही, इतकंच. मेसेजने नेमकी तीच सोय तिच्याकडून काढून घेतली.

२५० शास्त्रज्ञांचं काय? ते पत्र आहे, पण २०१५ चं, आणि एकूणच विद्युतचुंबकीय लहरींबद्दल. एअरपॉड्स बाजारात आले डिसेंबर २०१६ मध्ये. जन्मायच्या आधीच त्यांच्याविरुद्ध इशारा!

रेडिएशन: २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं गेलं, हे खरं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. शिवाय ब्लूटूथ काही मिलिवॅटवर चालतं, तर फोरजी मोबाइल २०० मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि तो कानाला चिकटवून आत्या तासभर बोलते. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

डेसिबलचा सल्लाही कच्चाच. डब्यावरचा मोठा आकडा बहुधा एखाद्याच सुरातल्या सर्वोत्तम कामगिरीचा असतो. एएनसी मुख्यतः खालच्या, एकसुरी आवाजांवर चालतं: इंजिन, पंखा, एसी. बोलणं, भांडी आपटणं, बाळाचं रडणं हे अडवायचं काम बहुतांशी कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टिपचं. टिप सैल असेल तर डब्यावरचा आकडा काय चाटायचाय? (रस्त्यावर चालताना मात्र एएनसी बंदच ठेवा, हॉर्न ऐकू यायला हवा.)

काल रुमाल सोडला. आत्याच्या उजव्या कानात मधली टिप सैल पडत होती, ती काढून मोठी लावली. पंखा पाचावर ठेवून तिचं गाणं लावलं. ती आधी पंख्याकडे बघत राहिली, चालू आहे ना म्हणून. मग मी काही न सांगताच तिने आवाज सहा घरं खाली आणला.