‘बापाने कंपनीच विकत घेतली’? टेलर स्विफ्टच्या पहिल्या अल्बमचं खरं गणित

टेलर स्विफ्टबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो: श्रीमंत बापाने मुलीसाठी रेकॉर्ड कंपनी विकत घेतली, गाणी दुसऱ्यांकडून लिहून घेतली आणि अल्बम आल्याबरोबर पहिल्या नंबरवर गेला. तिन्ही विधानं चुकीची आहेत. फक्त पहिल्यात थोडं तथ्य आहे.

घर सुखवस्तू होतं. वडील शेअर दलाल, आणि मुलीसाठी कुटुंबाने पेनसिल्व्हेनिया सोडून कंट्री संगीताचं (अमेरिकी ग्रामीण धाटणीच्या गाण्यांचं) केंद्र असलेल्या नॅशव्हिलजवळ बिऱ्हाड थाटलं. पैशांशिवाय हे जमलं नसतं. पण स्कॉट बोर्शेटाने 2005 मध्ये सुरू केलेल्या ‘बिग मशीन’ या रेकॉर्ड कंपनीत वडिलांचा वाटा साधारण तीन टक्क्यांचा होता. मालकी बोर्शेटाकडेच होती. अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्कही कंपनीकडेच राहिले. 2019 मध्ये कंपनीबरोबर तेही विकले गेले आणि टेलरला ते 2025 मध्ये स्वतः विकत घ्यावे लागले. कंपनी बापाची असती तर ही वेळ का आली असती?

गाण्यांची श्रेयनामावली तर कुणालाही तपासता येते. मूळ अल्बममध्ये 11 गाणी आहेत आणि प्रत्येकावर तिचं नाव आहे. सात गाण्यांना लिझ रोझ सहलेखिका, एकाला इतर दोघे. ‘द आउटसाइड’, ‘शुड्व्ह सेड नो’ आणि ‘आवर साँग’ ही तीन तिने एकटीने लिहिलेली. ‘आवर साँग’ तिने नववीत शाळेच्या कार्यक्रमासाठी केलं होतं. पुढे ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत सहा आठवडे अव्वल राहिलं. लिझ रोझनेही आपलं काम बरंचसं संपादकाचं होतं, असं उघड सांगितलंय.

आता नंबरचं. 24 ऑक्टोबर 2006 ला अल्बम आला, पहिल्या आठवड्यात जेमतेम 40 हजार प्रती खपल्या आणि बिलबोर्डच्या मुख्य अल्बम-यादीत 19वं स्थान मिळालं. पाचव्या स्थानावर, म्हणजे त्याच्या सर्वोच्च जागी, तो जानेवारी 2008 मध्ये पोहोचला. पहिल्याच आठवड्यात अव्वल आला तो 2008 चा ‘फिअरलेस’. बहुधा फॉरवर्डवाल्यांचा घोळ तिथेच झालाय.

इतका वेळ का लागला? कारण अल्बमचा खप वाढायचा तो त्यातली गाणी गाजली की, आणि कंट्री गाण्यांची यादी तेव्हा फक्त रेडिओवरच्या वाजण्यावर ठरायची. नवा गायक असेल तर एकेका केंद्रावर जाऊन कार्यक्रम-प्रमुखाला गिटारवर गाणं ऐकवायचं, मग त्याने ते आधी रात्री-अपरात्री लावायचं, श्रोत्यांनी उचललं तर फेऱ्या वाढवायच्या. एक गाणं वर चढायला महिनोन्‌महिने जातात. जून 2006 मध्ये आलेलं ‘टिम मॅग्रॉ’ कंट्री यादीत सहाव्या स्थानी गेलं ते थेट 2007 उजाडल्यावर. मधल्या काळात ती रास्कल फ्लॅट्स, जॉर्ज स्ट्रेट अशांच्या मैफिलींत सुरुवातीला गात होती. अल्बममधून एकामागून एक पाच सिंगल्स (सुटी गाणी) काढली गेली आणि दर वेळी खपाला नवा धक्का मिळाला.

याच मजकुराला हल्ली ‘तो अल्बम कंट्री नव्हे, पॉपच होता’ अशी पुरवणीही जोडतात. पॉप असता, तर ‘टियरड्रॉप्स ऑन माय गिटार’ पॉप केंद्रांना पाठवताना कंट्री वाद्यं मागे सारून वेगळं मिक्स करावं लागलं नसतं.