माळी कुठाय?

आमच्या कॉलनीतल्या बागेत पुन्हा नवा ठेकेदार आलाय. म्हणजे बोर्ड नवा, माणसं तीच दोन आणि पाण्याची नळीही तीच, चार ठिकाणी चिंध्या बांधलेली. परवा त्यातल्या एकाने कळ्या धरलेला मोगरा गवतासकट मशीनने सपाट केला. विचारलं तर म्हणतो, "काका, मी आधी ड्रेनेजला होतो."

त्याचा तरी काय दोष? आधीचे माळीबुवा नगरपरिषदेचे कायम नोकर. कुठली फांदी कधी छाटायची, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. ते रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. आता अकरा महिन्यांचं टेंडर, तेही सगळ्यात कमी दरवाल्याला! अहो, तेवढ्यात झाडाची ओळख तरी होते का? 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने बागा, मैदानं नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातली म्हणे. माळी घालायचा राहिला वाटतं.

वर आम्हालाच सल्ला, 'नागरिकांनी बाग दत्तक घ्यावी'. घेतो की! तीन आठवडे जळून पडलेली बोअरची मोटर तेवढी आधी भरून द्या.