गोळी बंद करायला सांगणारा तो मेसेज

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला: 'कोलेस्टेरॉलचा बागुलबुवा अखेर संपला'. त्याखाली दादाने लिहिलं होतं, 'मी कालपासून गोळी बंद केली.' दादाला दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी बसवलीय, आणि ही गोळी म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन. त्याची ती ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी मेसेज पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यातला एकेक दावा तपासत बसले. हाच मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे, म्हणून उत्तरही इथे सगळ्यांसमोर देते.

मेसेज सुरू होतो तो असा: 'कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, मग ते घातक कसं?' शरीराला कोलेस्टेरॉल लागतं, हे खरंच आहे. पेशींची आवरणं, पित्तरस, कित्येक हार्मोन्स त्याच्याशिवाय तयार होत नाहीत. पण साखरही यकृत बनवतंच, म्हणून कोणी मधुमेहाला निरुपद्रवी म्हणत नाही. प्रश्न इतकाच, की एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे ('वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते) कण रक्तात किती आहेत आणि किती वर्षं फिरताहेत. हे कण धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात. त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच बसतात आणि थर चढत जातो. मग एक दिवस त्या थराचं आवरण फाटतं, तिथे गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो.

हा नुसता तर्क नाही. काही मुलांना आई आणि वडील दोघांकडूनही एक सदोष जनुक मिळतं. रक्तातलं एलडीएल त्यांच्या यकृताला ओढून घेता येत नाही, त्यामुळे ते जन्मापासूनच कित्येक पट असतं. उपचार झाले नाहीत तर यांतल्या काहींना शाळकरी वयात हार्ट अटॅक येतो. त्यांनी कधी सिगारेट ओढलेली नसते, त्यांना बीपी नसतं, मधुमेह नसतो. यामागची यंत्रणा उलगडणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आता दुसरं टोक पाहा. काही लोकांत पीसीएसके-९ नावाचं जनुक जन्मतःच निकामी असतं आणि त्यामुळे एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. २००६ साली हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांच्या गटाने अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्के कमी. त्यासाठी त्यांना कोणी गोळी दिली नव्हती. हा फरक निसर्गाने केला होता आणि तो जन्मापासून होता. मला विचाराल तर अख्ख्या मेसेजला एवढं एक उत्तर पुरेसं आहे.

पुढचा दावा, 'अमेरिकेने २०१५ मध्ये कोलेस्टेरॉलला क्लीन चिट दिली.' दिली नाही. तिथल्या आहारविषयक शिफारशींतून काढला तो अन्नातल्या कोलेस्टेरॉलवरचा रोजचा ३०० मिलिग्रॅमचा आकडा, कारण बहुतेकांच्या रक्तातली पातळी अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने (तूप-लोण्यात असते तशी) जास्त वाढते. संपृक्त चरबीवरची १० टक्के उष्मांकांची मर्यादा त्याच शिफारशींत कायम आहे. ताटातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांत मेसेजने गल्लत केली आहे.

दादाला सगळ्यात जास्त पटलं ते हे: 'हार्ट अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं.' आकडा खोटा नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे १ लाख ३७ हजार रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं एलडीएल १०० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आत होतं. पण त्यातले काही जण आधीपासून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत होते. शिवाय अटॅकनंतर एलडीएल खाली येतं, त्यामुळे दाखल झाल्यावरचा रिपोर्ट मागच्या वीस वर्षांचा हिशेब सांगत नाही. आणि 'नॉर्मल' म्हणजे तरी काय? नवजात बाळाचं एलडीएल साधारणतः ५० च्याही खाली असतं. प्रौढांमध्ये सर्रास आढळणारी पातळी सुरक्षितच असेल असं नाही.

यात एक साधं गणितही आहे. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी ते १९८५ मध्ये मांडलं: थोडा धोका असलेले लोक पुष्कळ असले, तर एकूण रुग्णांत भर त्यांचीच जास्त पडते. खूप जास्त धोका असलेले लोक मुळातच मूठभर असतात. दारू न पिता गाडी चालवणारे संख्येने जास्त असतात, म्हणून पुष्कळ अपघात त्यांचेही होतात. त्यावरून दारू पिऊन गाडी चालवणं सुरक्षित ठरत नाही.

'म्हातारपणी कोलेस्टेरॉल जास्त असणारे जास्त जगतात' याचं उत्तर थोडक्यात देता येतं. कर्करोग, यकृताचे आजार आणि अशक्तपणा यांत कोलेस्टेरॉल आपोआप घटतं. तिथे आजार आधी येतो आणि आकडा मागून घसरतो.

आता गोळीविषयी. 'स्टॅटिन हा औषध कंपन्यांचा डाव आहे, तिचा उपयोग शून्य.' १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत नुसती दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. ही चाचणी कंपनीच्या पैशानेच झाली होती, हे मी लपवत नाही. पण मृत्यूची मोजणी फिरवता येत नाही, आणि पुढच्या कितीतरी चाचण्या त्याच दिशेने गेल्या. आज बहुतेक स्टॅटिनची पेटंटं संपून जेनेरिक गोळ्या मिळतात.

दुष्परिणाम आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची शुगर थोडी वाढू शकते, स्नायू दुखू शकतात, आणि क्वचित स्नायूंना गंभीर इजाही होते. पण २०२० मधल्या एका प्रयोगात, त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिखाऊ आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास दिखाऊ गोळीवरही झाला. तो त्रास खोटा नव्हता, पण त्यातला बहुतेक औषधामुळे नव्हता.

हे मी दादाला फोनवर सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'अगं, पोटऱ्या फार दुखतात. डॉक्टरांना कसं सांगू, म्हणून राहिलो.' मला तेव्हा कळलं, की गोळी त्याच्या मनाने आधीच बंद केली होती, मेसेजने त्याला फक्त कारण पुरवलं. पाय दुखत असतील तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइबसारखी वेगळी गोळी जोडता येते. पण हे ठरवायला आधी डॉक्टरांपाशी बोलावं लागतं.

'खरं कारण ताण आणि साखर' असा मेसेजचा शेवट आहे. ताण आणि मधुमेह दोन्ही कारणं आहेतच. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ मध्ये पहिल्या हार्ट अटॅकचा ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडला. त्यांत ताण होता, मधुमेह होता, बीपी, वाढलेलं पोट आणि बैठी सवय होती. पण यादीत सगळ्यात वर तंबाखू आणि रक्तातली चरबी, हीच दोन होती. दादाने सिगारेट स्टेंटच्या वेळीच सोडली. सोडल्यानंतर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो, म्हणजे ती अवघड लढाई त्याने जिंकलेलीच आहे.

परवा तो डॉक्टरांकडे जाऊन आला. गोळी बदलली आहे, डोस कमी आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी करायची आहे, आणि त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाणार आहे.