डिस्पॅचर ‘नुसता कारकून’ आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डिस्पॅचर, म्हणजे विमान निघण्यापूर्वी त्याचा मार्ग, इंधन आणि हवामान जमिनीवरून पाहणारा माणूस. त्याच्यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: फ्लाइट प्लॅन सॉफ्टवेअर काढतं, शेवटचा शब्द कॅप्टनचा, मग डिस्पॅचर म्हणजे प्रिंट काढून देणारा कारकून. आणि इंधन मोजून देणं म्हणजे कंपनीचे पैसे वाचवायला प्रवाशांच्या जिवाशी खेळ.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘जबाबदारी दोघांची सारखीच’ हे लेखातलं वाक्य सरसकट लिहायला नको होतं. कायद्याने तशी विभागणी अमेरिकेत आहे. आपल्याकडे डिस्पॅचरला डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मान्यता लागते, पण अंतिम अधिकार कॅप्टनचाच. लेख दुरुस्त केला आहे.

‘कारकून’ मात्र मान्य नाही. जुलैतल्या संध्याकाळी दिल्लीहून मुंबईला निघणारं ए३२० घ्या. ढोबळ आकडे असे: टॅक्सीला (जमिनीवर धावपट्टीपर्यंत जायला) २०० किलो इंधन, प्रवासाला ४५००, त्याच्या पाच टक्के म्हणजे २२५ आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंत १९००, आणि शेवटची राखीव ३० मिनिटं, म्हणजे साधारण ११५०. बेरीज ७९७५. ही बेरीज सॉफ्टवेअर करतं, बरोबर. पण त्यातले १९०० कुठल्या विमानतळासाठी, हे माणूस ठरवतो.

सॉफ्टवेअरला सोडलं तर ते जवळचं आणि स्वस्त अहमदाबाद देईल. हवामान तिथे उत्तम असेलही. पण मुंबईवर ढग फुटले की सगळ्यांचीच विमानं तिकडे वळतात आणि तासाभरात तिथे उभं राहायला बे (विमान उभं करायची जागा) उरत नाही. हे टाफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजात, लिहिलेलं नसतं. म्हणून नागपूर धरायचं, तर आणखी सहा-सातशे किलो लागतात, आणि ते दिल्लीलाच भरावे लागतात. विमान मुंबईवर घिरट्या घालू लागल्यावर हा निर्णय घ्यायला फार उशीर झालेला असतो.

तीच गत धावपट्टीची. नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेत, मुंबईची मुख्य धावपट्टी बंद असेल तर १४/३२ ही दुसरी उरते, ती आखूड. निघण्यापूर्वीचा हिशेब असा: प्रत्यक्ष १५०० मीटरमध्ये थांबणाऱ्या विमानाला कोरड्यात २५०० मीटर उपलब्ध हवेत, ओल्यात त्यावर १५ टक्के, म्हणजे २८७५. त्यात एखादा ब्रेक एमईएलखाली (कोणती उपकरणं बंद असूनही उडता येतं, त्या यादीनुसार) बंद असेल तर हे अंतर आणखी वाढतं. मग उतरतानाचं वजन कमी करावं लागतं, म्हणजे माल उतरवा किंवा प्रवासी. एक नोटॅम नजरेतून सुटला की हे सगळं गणित चुकीच्या धावपट्टीवर होतं, आणि सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही.

आता ‘टाकी भरूनच का पाठवत नाही?’ जादा इंधनाचंही वजन असतं. एक टन जादा नेलं तर तासाला त्यातलं साधारण तीन टक्के ते वाहून नेण्यातच जळतं. पण पैशांहून मोठी अडचण वरच्याच गणितात आहे: ओल्या, आखूड धावपट्टीवर जड विमान उतरवणं हीच जोखीम. कारण असेल तर जादा इंधन द्यायचंच, अंदाजाने नाही.

आणि कॅप्टनने कागद पाहून आणखी ५०० किलो मागितले, तर डिस्पॅचरने हुज्जत घालायची नसते. नवं वजन बसतंय का ते पाहायचं आणि लगेच लोड कंट्रोलला, म्हणजे विमानाच्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यांना, कळवायचं. नाहीतर लोडशीटवर (वजनाच्या त्या हिशेबाच्या कागदावर) एक आकडा आणि टाकीत दुसरा, आणि टेकऑफचे वेग चुकीच्या वजनावर काढलेले.