पिकंच नाहीत तर पेरणार काय?

२०२५च्या आयपीएलमध्ये चेन्नई तळाला गेली. नोव्हेंबरात जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन त्यांनी संजू सॅमसन आणला आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या तोंडी एकच शब्द: ‘रीबिल्ड’, म्हणजे संघाची नव्याने बांधणी. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले, एनबीएवाले बघा, चार वर्षं हरायची तयारी ठेवतात, आपल्याकडे धीरच नाही! डॅलसमध्ये बसून हे वाचलं की डोकं फिरतं. धीराचा काय संबंध? एनबीएत हरण्याचा मोबदला मिळतो. आयपीएलमध्ये हरलात तर नुसती नाचक्की.

मोबदला म्हणजे ड्राफ्ट: नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे, आणि अशा प्रत्येक पाळीला म्हणायचं ‘पिक’. पहिल्या पाळ्यांसाठी प्लेऑफबाहेरच्या १४ संघांची लॉटरी निघते. २०१९ पासून तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी असते. त्यामुळे पुढच्या सात वर्षांची पिकं हेच इथलं चलन. (‘पिक’चं अनेकवचन मराठीत ‘पिकं’ होतं, ते बरोबरच आहे. पेरणी आज, कापणी पाच वर्षांनी.)

ओक्लाहोमा सिटीचं नाव सगळे घेतात, सौदा मात्र कोणी नीट वाचत नाही. जुलै २०१९ मध्ये त्यांनी आपला बडा खेळाडू पॉल जॉर्ज लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीची ५ पिकं आणि पिकांच्या अदलाबदलीचे २ हक्क घेतले. त्यातली क्लिपर्सची स्वतःची तिन्ही पिकं बिनशर्त होती. ‘पहिल्या अमुक क्रमांकांत आलं तर देणार नाही’ असली पळवाट नाही. क्लिपर्स वेडे नव्हते. जॉर्ज आला तरच दुसरा बडा खेळाडू कवाय लेनर्ड येणार होता. गरज त्यांची, म्हणून भाव ओक्लाहोमाचा. पुढे दुसऱ्यांचे महागडे करार सांभाळण्याचाही त्यांनी धंदा केला: २०२० मध्ये फिलाडेल्फियाला नकोसा झालेला अल हॉरफर्डचा जड करार अंगावर घेतला आणि त्याबद्दल पहिल्या फेरीचं एक पिक वसूल केलं. मधले दोन हंगाम २२ आणि २४ विजयांचे. २०२२ मध्ये क्लिपर्सच्याच पिकावर १२व्या क्रमांकाला जेलन विल्यम्स मिळाला. २०२५ मध्ये ६८ विजय आणि अजिंक्यपद.

दरवेळी जमतं असं नाही. त्याच हंगामात युटा १७-६५ असा सगळ्यात खाली राहिला आणि लॉटरीत पाचव्या क्रमांकावर घसरला. पहिला क्रमांक आला आमच्या डॅलसला, अवघ्या १.८ टक्के संधीवर! तोही तीनच महिन्यांपूर्वी २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि एकच पिक घेतल्यावर. जेतेपदाच्या मागे लागलेल्या संघाने दूरचं देऊन जवळचं घ्यायचं असतं. इथे दूरचंही गेलं, जवळचंही. टोलवेवर गाडी अडकली की इथल्या ‘द टिकेट’ या खेळांच्या रेडिओवर अजून हेच गुऱ्हाळ.

आता चेन्नईकडे यातलं काय आहे? ड्राफ्ट नाही. मेगा लिलावात अर्ध्याहून जास्त संघ उधळला जातो, मग सात वर्षांनंतरचं विकणार काय? त्यांनी केला तो पैशांचा आणि गरजेचा हिशेब: १८ कोटींचा सॅमसन आला, १४ कोटींचा जडेजा आणि २.४ कोटींचा करन गेले. ३१ वर्षांचा यष्टिरक्षक आणणं म्हणजे रीबिल्ड नव्हे. खरी नवी लागवड म्हणाल तर विरारचा आयुष म्हात्रे, आणि तो २०२५ मध्ये १७व्या वर्षी आला तोही जखमी ऋतुराजच्या जागी.

आणि ‘खेळाडू म्हणजे गुरं का’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं, की आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. डॉन्चिचला कोणी विचारलंही नाही.

या चिडण्यात थोडा जळफळाटही आहे, एनबीएचे शब्द आमचे, ते तुम्ही परस्पर कसे वापरता, असा. पण वर ‘आमच्या डॅलसला’ लिहिलंय. ‘आपल्या’ लिहायला हात वळला नाही. तो शब्द अजून वानखेडेसाठीच राखलेला आहे.