साडेपाच तासांचा फरक

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आमचा धडधाकट कॉम्प्युटर एका रात्रीत म्हातारा ठरला. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आमचा सातव्या. एका पिढीने स्थळ हुकलं.

अकरावीतल्या भाच्याला फोन केला. "मामा, नवा पीसी कशाला? विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाक. गेमसाठी वाइन आहेच की!" फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून आईला त्यातलं नेमकं 'वाइन' तेवढं ऐकू गेलं.

"अगं, ते सॉफ्टवेअर आहे. १९९३पासून लोक वापरतायत."

"मग चांगलीच मुरलेली असणार," आई म्हणाली.

वाइनचं काम दुभाष्याचं. गेम विंडोजच्या बोलीत काहीबाही मागतो, वाइन ते लिनक्सला पटेल अशा शब्दांत कानावर घालते. २०१८मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने याच वाइनवर प्रोटॉन उभारलं आणि स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानातच बसवलं. व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक लिनक्सवर असून विंडोजचे गेम खेळतो, तो याच्याच जिवावर. तरी कुठला गेम चालेल हे आधी प्रोटॉनडीबी या साइटवर बघायचं. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि शेवटी बोर्क्ड, म्हणजे नाडीच जुळत नाही. खाली अनुभवी मंडळींचे तोडगे: ही एक ओळ लाँच ऑप्शनमध्ये टाका, मंगळ जातो.

माझा एज ऑफ एम्पायर्स २ हा गेम विंडोजच्या ड्राइव्हवर आधीच पडलेला. म्हटलं, लिनक्समधूनही तोच चालवू, दोनदा कशाला उतरवा? हिरवं 'प्ले' दाबलं. बटण निळं झालं, क्षणभर विचार केला आणि पुन्हा हिरवं. ना एरर, ना निरोप. मी ते तासभर दाबत होतो. भाचा शेवटी म्हणाला, "मामा, एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीच्या ड्राइव्हवर ठेवलायस? प्रोटॉनला ते मानवत नाही." रात्रभर गेम पुन्हा उतरवला. सकाळी स्टीमने 'व्हल्कन शेडर्स'ची, म्हणजे गेमची चित्रं रंगवायच्या सूचनांची तयारी काढली. टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते आणि पंखा असा घोंगावू लागला की आई विचारून गेली, "कुकर लावलायस का रे?"

पण मग चालला! विंडोजवर चालायचा तसाच, तक्रारीला जागा नाही. खरं सांगायचं तर मी थोडा हिरमुसलोच. एवढ्या खटाटोपानंतर काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं.

घोडं अडलं ते मित्रांच्या शनिवारच्या शूटिंग गेमवर. त्याचा अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम, हा असा वॉचमन, की त्याला गेटवर खुर्ची दिलेली चालत नाही. थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आमच्या देवघरात बसायचं असतं. लिनक्सवर त्याला तो पाट मिळत नाही, म्हणून तो गेमच उघडू देत नाही. काही अँटी-चीट २०२१पासून प्रोटॉनशी जमवून घेतात, पण तेही गेम बनवणाऱ्याच्या मनात आलं तर. त्या एका गेमसाठी जुनं विंडोज डिस्कच्या एका भागात, पार्टिशनमध्ये, तसंच ठेवलं. दोन घरचा पाहुणा, दुसरं काय.

आणि इथे घड्याळाने घोळ घातला. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजून दाखवतं. त्यामुळे लिनक्सवरून विंडोजमध्ये गेलं की आपण साडेपाच तास मागे. त्यावर टर्मिनलमध्ये एका ओळीचा उपाय आहे. मी तो वहीत लिहूनही ठेवला होता, उद्या करू म्हणून.

आमच्या घरी लेकीला नियम आहे: साडेसातनंतर गेम बंद. परवा पाणी प्यायला उठलो, तर हॉलमध्ये उजेड. बाईसाहेब हेडफोन लावून खेळतायत.

"अगं, बारा वाजले!"

तिने मान न वळवता स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, साडेसहाच तर वाजलेत."

मी वही घ्यायला वळलो, तेवढ्यात तिने दुसरा हेडफोन पुढे केला. टीममध्ये एक जण कमी होता.

दोन डाव झाले असतील. आतून बायकोचा झोपाळलेला आवाज आला, "अहो, किती वाजले?"

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं आणि तिथे होते तेवढे सांगितले.